दोन पंख्यांचं कार्ड

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी पावणेतीनला, गारखेड्यातल्या आमच्या घरचा संगणक बंद पडला. पडद्यावर आधी हिरव्या उभ्या रेघा आल्या, मग पडदा काळा झाला. आतले पंखे फिरत राहिले. त्या वेळी संगणकासमोर माझा मेहुणा बसला होता. त्याच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

सलग दुसऱ्या दुष्काळाचं ते वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी नेलं जात होतं. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. जायकवाडीतल्या साठ्याची रोजची चौकट आणि शहरात कोणत्या भागात कधी पाणी येणार त्याचं वेळापत्रक, ही दोन्ही कामं माझ्या टेबलावरून छपाईला जायची.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वय चोवीस. आयटीआय करून तो वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागला होता आणि आमच्याकडेच राहायचा. त्यांचं घर पैठणच्या बाजूचं, मेंढरं राखणारं. त्या वर्षी सासरे कळप घेऊन नेहमीपेक्षा बरेच लांब, नगरकडच्या उसाच्या पट्ट्यात गेले होते. सोबतीला एक गडी होता, पण तो पावसाळ्यापर्यंतच थांबणार होता.

कारखान्याच्या टूल रूममध्ये दोन कायम जागा निघाल्या होत्या. यंत्रांना लागणारे साचे आणि पकडी जिथं बनतात तो विभाग म्हणजे टूल रूम. कंत्राटी कामगारांनाही परीक्षेला बसता येणार होतं. परीक्षा एकच होती. एक सुटा भाग दिला जाणार, आणि यंत्रावर तो भाग घट्ट धरून ठेवणारी पकड, म्हणजे फिक्स्चर, संगणकावर थ्रीडीमध्ये तयार करून दाखवायची. तारीख मेच्या शेवटच्या रविवारची होती. मेहुण्याचं कंत्राट जूनअखेर संपत होतं. जागा मिळाली तर कायम नोकरी, नाही मिळाली तर सासऱ्यांकडं, मेंढरांमागं. हे घरात ठरलेलं होतं आणि त्यावर कुणी पुन्हा बोलत नव्हतं.

संगणक सहा वर्षांचा होता. लग्नाआधी मी तो खेळांसाठी जोडून घेतला होता. मेहुणा आल्यापासून त्यावर त्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर होतं आणि माझे जुने खेळही होते. सराव सकाळी व्हायचा. त्यानं विनंती करून ते दोन महिने दुसरी पाळी मागून घेतली होती. दुपारी अडीचला कोपऱ्यावर कंपनीची बस येई, तोवरचा वेळ त्याचा.

सोमवारी आम्ही संगणक मोटारसायकलवर मध्ये धरून पैठण गेटजवळच्या एका दुकानात नेला. दुकानदार पन्नाशीचा, दखनी उर्दूत बोलणारा. त्यानं डबा उघडला, ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं आणि आमच्यासमोर उलटं धरलं. कार्डावर पांढरा, खरखरीत थर होता. खिडकीतल्या कुलरसमोर संगणक ठेवत होता का, असं त्यानं विचारलं. होय म्हणालो. यंत्राला गारवा मिळावा म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही टेबल मुद्दाम कुलरसमोर सरकवायचो. कुलरमध्ये बोअरचं पाणी असायचं. त्या पाण्यातला क्षार सहा वर्षं हवेबरोबर कार्डावर बसत होता. यंदा बोअर आटला, कुलर बंद राहिला, आणि थर अंगावर घेऊन कार्ड तापत गेलं. त्या मोसमातली अशी बरीच कार्डं त्यानं पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली होती. त्यानं आमचंही तिथंच ठेवलं.

मग त्यानं काउंटरवर एक लहान खोकं ठेवलं. एका पंख्याचं कार्ड. त्याला वेगळी वीज लागत नाही, मदरबोर्डातून मिळते तेवढीच पुरते, असं तो म्हणाला. मेहुण्यानं खोकं हातात घेऊन बघितलं.

"घ्यू ह्येच, दाजी. आजच बसवू."

मी त्याला थांबायला सांगितलं. बघून घेऊ, म्हणालो. मग बघण्यात तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत मी काय केलं ते सांगता येतं, कारण कागद अजून आहेत. ऑफिसातल्या कच्च्या कागदावर मी आडवा तक्ता आखला. अकरा कार्डं, सात रकाने. प्रत्येक आकडा दोन ठिकाणांहून तपासायचा, हा बातमीचा नियम मी इथंही पाळला. दोन्ही ठिकाणं परदेशी संकेतस्थळं होती. एकानं आकडे दुसऱ्याकडून घेतले होते, हे नंतर कळलं. चाचण्या घेतलेल्या खोलीचं तापमान बावीस अंश असल्याचं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेलं होतं. तेही मी वाचलं होतं. आमच्या खोलीत भिंतीवरचा तापमापक दुपारी तीनला चाळीसच्या वर असायचा.

कार्डांची तुलना करणाऱ्या बहुतेक चित्रफिती एकाच खेळातलं एकच दृश्य दाखवायच्या. दगडी रस्ता, संध्याकाळ, मुसळधार पाऊस आणि घोड्यावरचा माणूस. पाऊस दाखवताना कार्डावर सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून ते दृश्य निवडलेलं होतं. एका कार्डावर तो पाऊस अडखळत पडायचा, दुसऱ्यावर सलग. रोज सकाळी मी तो पाऊस बघायचो आणि संध्याकाळी ऑफिसला जाऊन जायकवाडीची चौकट लावायचो.

तो खेळ मला खेळायचा होता. वर्षभर ऑफिसातले दोघे त्याबद्दल बोलत होते आणि आमच्या संगणकावर तो चालत नव्हता. तक्त्यातला पहिला रकाना त्या खेळाचा होता. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा रकाना मी शेवटी घातला. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

मधल्या काळात संगणक मदरबोर्डावरच्या साध्या जोडणीवर चालू होता. पडदा दिसायचा, पण थ्रीडी चित्र फिरवलं की ते झटक्याझटक्यानं हलायचं, आणि वीसच्या वर भाग जोडले की थिजायचं. मेहुणा वहीवर पेन्सिलीनं काढायला लागला. तीन बाजूंनी तीन आकृत्या, मापं लिहून. वही भरली तेव्हा त्यानं कारखान्यातून पाठकोरे कागद आणले. रोज बसला जाण्याआधी तो एकदा दारात थांबायचा आणि "ठरलं का काय?" असं विचारायचा. मी दोनवर आलोय, एकावर यायचंय, असं काहीतरी सांगायचो.

बायको एकदा ताटं वाढताना म्हणाली, "मला बघायला आलात तवा पोहे संपायच्या आत हो म्हणून मोकळे झालात. ह्याला तीन आठवडे?"

"तवा दाजींकडं नेट नव्हतं, आक्का," मेहुणा म्हणाला.

ती हसली, मीही हसलो. मेहुणा भाकरी मोडत राहिला.

मेच्या पहिल्या शनिवारी मी दोन पंख्यांचं कार्ड घेतलं. दुकानदारानं ते काढून दिलं, पण हातातून सोडलं नाही. आमच्या संगणकात एसएमपीएस कुठला आहे, त्यानं विचारलं. एसएमपीएस म्हणजे डब्यातली ती पेटी, जी घरची वीज घेऊन संगणकाच्या भागांना पुरवते. मी तक्ता पुढं केला. पेटीच्या लेबलावर साडेचारशे वॉट लिहिलेलं होतं, कार्डाला लागणारी वीज त्यात बसत होती, बेरीज मी दोनदा केलेली होती.

"लेबल पे नक्को जाव, भाईसाब," तो म्हणाला. "लेबल तो मैं भी छाप के चिपका देतूं. ये कार्ड को तुम्हारा डब्बा पालेगा नहीं. छोटा लेव."

मेहुणा माझ्याकडं बघत होता. मोठं कार्ड तुझ्या कामालाही चांगलं, असं मी त्याला सांगितलं. तक्त्यानुसार ते खरं होतं. दुकानदारानं मान हलवली आणि दोन वायरींची एक करणारी जोडवायर खोक्यात टाकली. कार्डाला वेगळी वीज त्या वायरीतून द्यायची होती. दुकानात काउंटरमागं फलक होता: बसवलेलं कार्ड परत घेतलं जाणार नाही.

कार्ड लांबीला जास्त निघालं. हार्डडिस्कच्या कप्प्याला टेकत होतं. मेहुण्यानं कप्पा सोडवला, त्याचा एक कान कानशीनं घासला आणि कप्पा बोटभर पुढं सरकवून पुन्हा बसवला. वीस मिनिटांचं काम. मी विजेरी धरली होती. संगणक सुरू झाला. त्यानं त्याचं फिक्स्चर उघडलं आणि माउसनं फिरवलं. साठेक भागांची ती पकड न थांबता फिरली. त्यानं ती उलटी केली, आतून बघितली, पुन्हा सुलटी केली.

"लई भारी, दाजी," तो म्हणाला. "झटका नाय, काय नाय."

अडीचला तो बसला गेला. तीनला मी खेळ लावला. चाळीस मिनिटं खेळलो. पाऊस सलग पडत होता. बायको कपडे घेऊन खोलीत आली, पडद्याकडं बघून थांबली.

"परीक्षा कुणाची हाय?" तिनं विचारलं आणि कपडे ठेवून गेली.

सोमवारी सकाळी संगणक पहिल्यांदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अर्ध्या तासात आणखी दोनदा तेच झालं. मंगळवारी सकाळी एकदा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार काही नाही. शनिवारी चार वेळा, आणि त्यातल्या तिसऱ्या वेळी मेहुणा सेव्ह करत असतानाच. ती फाइल नंतर उघडली नाही. तीन सकाळींचं काम त्यात होतं. रविवारी पुन्हा दोनदा.

मी प्रत्येक वेळ डायरीत टिपली. कार्ड चालवणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून तीनदा नवे घातले. सॉफ्टवेअरची प्रत मेहुण्याच्या डिझाइनच्या क्लासनं दिलेली होती, तिच्यात दोष असेल असं त्याला सांगितलं. दर दहा मिनिटांनी सेव्ह करत जा, असंही सांगितलं. डायरीतल्या नोंदींमध्ये मला काही नियम दिसत नव्हता. कधी सलग दोन दिवस, मग तीन दिवस शांत. वेळ बहुतेक सकाळी दहाच्या आसपासची, पण तो सराव करायचाच त्या वेळी. दुपारी मी खेळायचो तेव्हा एकदाही बंद पडला नाही. म्हणून कार्ड चांगलं आहे, असा निष्कर्ष मी काढला होता.

मेहुणा कमी बोलायला लागला. रविवारी दुपारी तो गॅलरीत उभा राहून सासऱ्यांशी फोनवर बोलत होता. दार उघडं होतं. मेंढरं कुठवर आली, किती व्याली, गडी कधी जाणार, असं तो विचारत होता. मग म्हणाला, "म्या यीन जूनच्या शेवटाला. नाय, आबा, इचारून ठिवतो नुसतं." फोन ठेवून तो आत आला आणि वही घेऊन जमिनीवर बसला. संगणक त्यानं सुरू केला नाही. सोमवारीही नाही, मंगळवारीही नाही.

बुधवारी सकाळी तो गॅलरीतच उभा होता. आमची गल्ली आम्ही आलो तेव्हा बैठ्या घरांची होती. सहा वर्षांत निम्म्याहून जास्त प्लॉटवर चार-चार मजले उभे राहिले होते. समोरच्या बाजूला आणखी एका इमारतीचा स्लॅब टाकला जात होता, पाणी टँकरचं. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मात्र बैठ्या घरांच्या वेळचाच होता. मेहुणा त्या ट्रान्सफॉर्मरकडं बघत होता की रस्त्याकडं, ते मला कळलं नाही. आत येऊन त्यानं माझी डायरी मागितली. नोंदींवर बोट ठेवत तो खाली आला. मग म्हणाला, "दाजी, आपल्याला पाणी कवा हाय?"

उद्या, मी म्हणालो. चार दिवसांआड पाळी होती. वेळापत्रक आदल्या संध्याकाळीच मी पानावर लावलं होतं.

"आन् मागल्या गल्लीला?"

परवा.

"मग लिहून ठिवा. उद्या बंद पडणार. परवा बी पडणार. त्याच्या म्होरं तीन दिस नाय पडायचा."

मी त्याच्या हातून डायरी घेतली. सोमवार आमच्या पाण्याचा दिवस होता, मंगळवार मागच्या गल्लीचा. शनिवार आमचा, रविवार त्यांचा. दोन्ही गल्ल्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर. कपाटात मागच्या पंधरवड्याचे अंक होते. तारखा एकेक जुळत होत्या. ते सगळं वेळापत्रक माझ्या हातचं होतं.

गुरुवारी साडेनऊपासून आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. त्यानं रिकामं फिक्स्चर उघडून ते फिरत ठेवलं. खिडकी उघडी होती. उकाड्यानं खुर्चीचं रेक्झिन पाठीला चिकटत होतं. दहाला काही झालं नाही. सव्वादहाला महापालिकेचा माणूस मोटारसायकलवरून आला, कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण सरकवलं आणि लांब चावी खाली घालून व्हॉल्व्ह फिरवायला लागला. बायको खाली नळाशी बसून होती. पहिल्यांदा हवा येते तो फुसफुस आवाज आला.

"आलं," ती खालून म्हणाली.

पाणी दीड तास यायचं आणि दाब कमी असायचा, म्हणून सगळ्या गल्लीनं नळाच्या लाइनीला थेट मोटारी लावलेल्या होत्या. तशा लावू नयेत, ही सूचना आमच्या पेपरात वरचेवर छापली जायची. ती बातमीही कधीकधी मीच लावायचो. आमच्याकडंही मोटार होती. बायकोनं बटण दाबलं. त्याच मिनिटात शेजारच्या चारमजलीची मोटार लागली, समोरची लागली, मग एकेक करत पुढच्या. ट्यूबलाइट मंद झाली, थरथरली. छताचा पंखा हळू झाला. पडदा काळा पडला आणि संगणक पहिल्यापासून सुरू व्हायला लागला.

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"आमच्या शेडमधी मोठा कॉम्प्रेसर चालू झाला की लहान मशिनी अशाच ट्रिप व्हत्यात," तो म्हणाला. "कारडाचा दोष नाय. लाइट जरा खाली आली की ह्या डब्याला दोन पंखे झेपत नायत. त्यो दुकानवाला बोलला व्हता."

मी म्हणालो, मी तुझं ऐकायला पाहिजे होतं. तो म्हणाला, दुकानवाल्याचं ऐकायला पाहिजे होतं. मग खाली जाऊन त्यानं आक्काबरोबर टाकीत नळी धरली.

दहा दिवस उरले होते. शुक्रवारी आम्ही पुन्हा पैठण गेटला गेलो. चांगल्या प्रतीचा एसएमपीएस दुकानात नव्हता. मागवला तर पुण्याहून आठ-दहा दिवस. चांगला यूपीएस घेतला तरी संगणक टिकेल, असं दुकानदार म्हणाला, पण तेवढ्या ताकदीचा यूपीएसही मागवावाच लागला असता. लहान कार्ड त्याच फळीवर, त्याच खोक्यात होतं. नव्या कुलरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. कुलरमध्ये भरायला पाणीच नव्हतं, त्यामुळे घरात त्यावर काही बोलणं झालं नाही. दुकानदारानं मोठं कार्ड परत घेतलं नाही, आणि 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाला नाही. खोकं पुढं करताना "हौ, अब बराबर," एवढंच म्हणाला.

घरी मेहुण्यानं मोठं कार्ड उतरवलं. स्क्रू काढता काढता तो आक्काला सांगत होता की आबांनी एकदा बाजारातून असाच मेंढा आणला होता. बघायला सगळी वस्ती आली होती. दोन जनावरांचं खायचा आणि कोसभर चालला की बसायचा. पुढच्या मुक्कामाला त्याला टेम्पोतून न्यावं लागलं.

"मग काय केलं त्याचं?" मी विचारलं.

"इकला. तुमच्यासारखंच गिऱ्हाईक भेटलं एक, दाजी."

बायको स्वयंपाकघरात हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली असावी. मी मोठं कार्ड त्याच्या पिशवीत घालून खोक्यात ठेवलं.

पुढचा पाण्याचा दिवस मंगळवार होता. सव्वादहाला व्हॉल्व्ह फिरला, मोटारी लागल्या, ट्यूबलाइट मंद झाली. पडदा तसाच राहिला. लहान कार्डावर साठ भागांची पकड फिरताना किंचित अडखळायची, पण फिरायची. मेहुणा काम करत राहिला. बुधवारी मागच्या गल्लीत पाणी आलं, तेव्हाही संगणक चालू होता. खेळ मी काढून टाकला. त्या कार्डावर तो चालला नसता.

रविवारी परीक्षा झाली. तो सकाळी सातच्या बसनं गेला आणि दुपारी दोनला परत आला. पकड पूर्ण झाली, असं त्यानं सांगितलं. शेवटच्या दोन बोल्टांची मापं तपासायला वेळ पुरला नाही, तीन आठवडे आणखी हात बसला असता तर पुरला असता, असंही म्हणाला. हे तो बहिणीला सांगत होता. मी बाहेरच्या खोलीत होतो.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी कारखान्याच्या फलकावर यादी लागली. तीन नावं होती, जागा दोन. त्याचं नाव तिसरं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये किती फरक होता, ते फलकावर नव्हतं.

तो जूनअखेरपर्यंत कामावर गेला. एक जुलैला सकाळी पैठणच्या एसटीनं गेला आणि तिथून पुढं कळपाकडं. जाताना आकृत्यांची वही इथंच ठेवली. सासऱ्यांबरोबरचा गडी त्याच दिवशी आपल्या गावी परतला. तिकडं फोनला रेंज कमी होती. बायको सकाळ-संध्याकाळ लावून बघायची. लागला की मेंढरं मोजून झाली का, जेवलास का, एवढंच विचारायची. मी वेळापत्रक लावत होतो. पाऊस झाला होता, पण धरणाच्या चौकटीतला आकडा अजून हलला नव्हता.

जुलैच्या बाराव्या दिवशी कारखान्यातून आमच्या घरी फोन आला. अर्जावर त्यानं माझा नंबर दिला होता. यादीतला पहिला उमेदवार दुसऱ्या कंपनीत गेला होता. आता मेहुण्याचा नंबर लागला होता, चार दिवसांत हजर व्हायचं होतं. मी त्याला फोन लावला, लागला नाही. दुपारपर्यंत अकरा वेळा लावला. बायकोनं सासऱ्यांच्या मुक्कामाजवळच्या एका दुकानाचा नंबर शोधून काढला. तिथल्या दुकानदारानं कुणाला तरी मोटारसायकलवर पाठवलं. चारच्या सुमाराला फोन आला. मी निरोप सांगितला. पलीकडं वारा आणि मेंढरांच्या घंटांचा आवाज येत होता.

"दाजी," तो म्हणाला, "दोन ठिकाणांहून तपासलं का?"

तपासलं, मी म्हणालो. मी कारखान्यात उलट फोन करून खात्री केली होती.

तिसऱ्या दिवशी तो पैठणहून एसटीनं आला. सासऱ्यांनी अर्धा कळप विकायचं ठरवलं होतं. उरलेला त्यांना एकट्याला सांभाळता येणार होता. चौथ्या दिवशी सकाळी मेहुणा टूल रूममध्ये रुजू झाला. ऑगस्टमध्ये त्यानं वाळूजला खोली घेतली. संगणक टेम्पोतून तिकडं गेला, एका पंख्याच्या कार्डासह. दोन पंख्यांचं कार्ड गारखेड्यात कपाटात, त्याच्या खोक्यात आहे.